कळ्यांवरून फिरलेली कात्री

साझांका या फुलझाडाच्या कुंपणाला शिझुयोने उभ्या संसारात कधी कात्री लावली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पानांखालच्या सुरवंटांनी तिचे हात कोपरापर्यंत सुजवले होते. तेव्हा तिच्या नवऱ्याने, कियोहारूने, फर्मान काढलं, "आजपासून कुंपण माझं, लोणची तुझी." हे वाटप दोघांनी इमानेइतबारे पाळलं. दर शरदात बाकीची बाग मान टाकू लागली, की कुंपण गुलाबी फुलांनी भरून जायचं. मग कियोहारू अंगणात असा मिरवायचा, की जणू फुलं त्यालाच आली आहेत.

यंदा उन्हाळ्यात त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. त्याला इस्पितळात ठेवलं, आणि आता फार दिवस उरले नाहीत, हे डॉक्टरांनी खाली बघतच शिझुयोला सांगितलं. तो मात्र एकच म्हणाला, "कुंपण फुलायच्या वेळेला घरी ने. तेवढं बघतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

सप्टेंबरात पितरांचे दिवस आले. थडगी धुवायला लेकी-सुना माहेरी-सासरी येतात, गल्ली झाडून लख्ख होते. शिझुयोचं कुंपण मात्र वाढून रस्त्यावर आलेलं. आपली फांदी दुसऱ्याच्या बाहीला लागणं म्हणजे त्या गल्लीत चोरीहून मोठी लाज. नवरा घरी येईल तेव्हा सगळं कसं नीटनेटकं दिसावं, हाही एक लोभ होता. डोक्याला, हातांना पंचे गुंडाळून, रेषेसाठी कडेने दोरी ताणून तिने कुंपण छाटलं. भिंत असावी तसं सरळ.

"अगंबाई, माळी लावलात की काय?" समोरच्या त्सुगिएबाई म्हणाल्या.

"छे हो! हाताला येईल तसं कापलं."

"काय सरळ आलंय पण!"

शिझुयो लाजली. साझांकाच्या कळ्या भर उन्हाळ्यात धरतात. छाटायचं ते फुलं झडल्यावर, वसंतात. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, जिच्या वाट्याला लोणची आली तिला सोडून. पण झालेल्या चुकीवरून कुणाला खजील कशाला करा, हा तिथला शहाणपणा. आग लागो असल्या शहाणपणाला!

नोव्हेंबरात कियोहारू घरी आला. शिझुयोने त्याची गादी काचेच्या दाराशी घातली. तो बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिला.

"कसं कापलंय?" तिने विचारलं.

"माझ्याहून सरळ."

"अहो, पण अजून फुलं कशी नाहीत?"

"यंदा उन्हाळा लांबला ना. उशीर होणार."

रोज सकाळी पेजेचा वाडगा ठेवून ती बाहेर जायची आणि पान न् पान उलटून बघायची. आत येऊन म्हणायची, "आज नाही हो. उद्या बघा."

"उद्या," तोही म्हणायचा. एकदा तिचे गारठलेले हात त्याने आपल्या पांघरुणात ओढून घेतले आणि म्हणाला, "बास आता, बाहेर जाऊ नकोस. येतील ती आपली आपण." डिसेंबर लागला आणि तो हिरव्या पानांकडे बघत गेला.

अस्थी पुरायच्या दिवशी त्याची थोरली बहीण उमेनो आली. गुडघ्यांमुळे तिला आधी येता आलं नव्हतं. जिभेला हाड नसलेली बाई. अंगणात शिरताच तिने काठी कुंपणावर आपटली.

"हे कुणी भादरलं गं?"

"मीच, वन्सं. सप्टेंबरात."

"सप्टेंबरात? अगं शहाणे, सगळ्या कळ्या कापल्यास की! कियोहारू काही बोलला नाही?"

शिझुयोच्या हातातली उदबत्त्यांची पुडी खाली पडली. तो बोलला होता. उन्हाळा लांबला म्हणाला होता. दारातून पहिल्या नजरेतच त्याला कळलं होतं आणि महिनाभर तो तिच्यासोबत फुलांची वाट बघत बसला होता, तिच्यासाठी.

ती तशीच गल्ली ओलांडून त्सुगिएबाईंच्या घरामागे गेली. तिथलं साझांका अजून फुललेलं होतं, खाली पाकळ्यांचा सडा.

"तुमचं फुललं होतं?"

त्सुगिएबाईंनी एप्रनला हात पुसत मान खाली घातली. "नोव्हेंबरापासून. दोनदा फुललेली फांदी कापून तुमच्या दारापर्यंत आणली होती हो. पण म्हटलं, तुमच्या चुकीवर बोट ठेवल्यासारखं होईल. तुम्हाला टोचेल, म्हणून परत फिरले." आणि त्या कमरेत वाकून माफी मागू लागल्या.

अशा वेळी समोरच्याने त्याहून खाली वाकायचं असतं. शिझुयो ताठ उभी राहिली.

"मला टोचलं असतं, त्सुगिएबाई," ती म्हणाली. "त्यांना दिसलं असतं."