उभे पाटील

उकंडराव पाटील बसत नसत. चावडीत सगळे पंच मांडी घालून बसलेले असत आणि पाटील खांबाला हात टेकून उभे. घरी पंगत पडली की ते वाढप्यांच्या मागे येरझाऱ्या घालत. मुंबईहून त्यांनी लाल मखमलीची एक खुर्ची मागवली होती. ती चांदूर बाजारच्या रस्त्याने बैलगाडीतून आली तेव्हा तिच्या राखणीला दोन माणसे शेजारी बसून आली, पण पाटील स्वतः तिच्यावर कधी टेकले नाहीत. ती बैठकीत मधोमध ठेवलेली असे आणि येणारी माणसे देवळातल्या कासवाला घालावा तसा तिला वळसा घालून जात.

का बसत नाही, असे कोणी विचारले की पाटील म्हणत, "उभ्या मानसाले दूरचं दिसते, बाप्पा." हे वाक्य इतके गाजले की आसपासच्या गावांतले दोघे-तिघे नवश्रीमंतही उभे राहू लागले. त्या दोघा-तिघांचे काही दुखत नव्हते. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

मी त्या गावच्या नव्या मराठी शाळेचा मास्तर. घर अमरावतीला, राहणे-जेवणे पाटलांकडे. दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेत लढाई पेटल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कोणी स्वप्नातही न पाहिलेला भाव आला होता. पैसा आला की माणसाला आधी काय सुचते ते मी तिथे जवळून पाहिले. बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांच्या खिशात घड्याळे आली. आणि घराघरांतून ज्वारी हद्दपार झाली.

ही शेवटची गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. वऱ्हाडात गहू सणाला, ज्वारी रोजची. तेजीत सणच रोजचा झाला. सकाळी पुऱ्या, दुपारी पुऱ्या, तुपात पोहणारा शिरा, तळणाची पराती. ज्वारीची भाकरी म्हणजे सालदार गड्याचे खाणे, असे कोणीतरी ठरवले आणि सगळ्यांनी ते मानले. अंबाडीची भाजी, चवळी, ताकाची कढी यांचीही तीच गत. पाटलांनी तर घरात ज्वारी दळायचीच नाही, असा हुकूम काढला. गावात कोणाच्या छातीत जळजळे, कोणाला आंबट ढेकर येत, कोणाच्या पोटात मुरडा उठे. पण ही श्रीमंतीची दुखणी होती, आणि माणसे ती जरा अभिमानानेच सांगत. पाटलांचे दुखणे तसे मिरवण्यासारखे नव्हते.

ते मला कळले एका पुस्तकामुळे. शाळेत सरकारी पुस्तके आली, त्यांत शरीराच्या रचनेचे एक होते. पाटील ते चाळत उभे होते. पोट उघडून दाखवलेल्या चित्रापाशी थांबले.

"हे कायचं गाठोडं आहे, मास्तर?"

"आतडी आहेत. प्रत्येकाच्या पोटात असतात."

"मोर्शीच्या देशमुखाच्याई?"

"त्यांच्याही."

"एवढीच लांब?"

"एवढीच."

या बातमीने त्यांना थोडे बरे वाटलेले दिसले. मोर्शीकडच्या देशमुखांच्या मुलाशी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे, कौतिकाचे, लग्न ठरत होते. त्या घराशी आपण तोलामोलाचे आहोत की नाही, ही चिंता त्यांच्या डोक्यातून कधी जात नसे. मग त्यांनी घास तोंडात गेल्यापासूनचा सगळा प्रवास मला सांगायला लावला. मी सांगितला. दातांखाली घास बारीक होतो. अन्ननळीतून जठरात उतरतो. तिथे आंबट रसात घुसळला जातो. लहान आतड्यात त्यातले सत्त्व रक्तात जाते. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात येतो आणि तिथे त्यातले पाणी शोषले जाते. खाण्यात कोंडा, पालेभाजी नसेल, पाणी कमी असेल, तर चोथा कोरडा होऊन अडतो.

"म्हंजे बजारच्या फाटकात गाडी फसली," पाटील म्हणाले.

"तसेच."

"मंग थ्या फाटकाचं काय होते?"

"जोर लावून लावून तिथल्या शिरा सुजतात. फुगतात. घासल्या की रक्त येते. मूळव्याध म्हणतात."

पाटलांनी पुस्तक मिटले. "मी माह्यं नाई विचारून राहिलो. एक वळखीचा मानूस आहे."

"त्या माणसाला बसता येते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. चेहरा असा पडला की जणू मी त्यांना चोरी करताना पकडले होते. "नाई," ते म्हणाले. "आन् थो मानूस तुमच्या पाया पडते, मास्तर. पन हे कोनाले सांगू नका. पाटलीनीलेई नाई."

तेव्हापासून ती गोष्ट आम्हा दोघांत राहिली. घरचा वैद्य त्यांना नको होता, कारण त्याची बायको बोलकी होती. अमरावतीत नको, तिथे सगळे आडते ओळखीचे. शेवटी अकोल्याचा बाजार पाहून येतो, असे घरी सांगून आम्ही गाडी जुंपली. सगळ्या वाटेत पाटील गाडीत पालथे झोपले होते. गाडीवानाने विचारले तेव्हा, "आभाय पाहून पाहून कंटाळा आला," असे त्यांनी सांगितले.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे एका बोळात एक म्हातारे हकीम होते. नखशिखान्त अत्तराचा वास, आवाज मात्र लिलावातला. त्यांनी पाटलांना आत नेऊन तपासले आणि बाहेर येऊन सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "खाते काय हो, पाटील?"

पाटलांना हा प्रश्न आवडला. त्यांनी पुऱ्यांपासून सुरुवात करून बुंदीपर्यंतची सगळी यादी सांगितली. तुपापाशी ते विशेष रेंगाळले.

"भाकर?"

"भाकर आमचे गडी खातेत."

"मग गड्याइले हा मर्ज आहे?"

पाटलांनी नाही म्हणून मान हलवली.

"मलम देतो, कोमट पान्यात बसायला सांगतो," हकीम म्हणाले. "लेकिन असली दवा तुमच्या शेतात उभी आहे. जवारीची भाकर, पालेभाजी, ताक, लोटे भरभरके पानी. दोन महिने खा. नाहीतर खून जात राहील, चेहरा हळदीसारखा होईल, और एक दिन चक्कर खाऊन पडाल. मग उभे भी नाही राहता येणार."

परत येताना मी म्हणालो, "सोपे औषध आहे. उद्यापासून भाकरी सुरू करू."

"मास्तर, तुमी शिकले, पन तुमाले काई समजत नाई," पाटील पालथे पडल्या पडल्या म्हणाले. "माह्या पानात भाकर दिसली, तर उद्या मोर्शीले खबर. पाटलाचा कापूस बुडाला म्हनतीन. देशमुख सोयरीक मोडन. पोट्टीचं काय करू?"

"आजारी आहे म्हणून सांगा."

"कायचा आजार सांगू?"

ताप असता तर सांगता आला असता. खोकला असता तर लोक विचारपूस करायला आले असते. माणसाने कुठे दुखावे हेही प्रतिष्ठेला धरून असावे लागते.

"लग्न होऊ द्या," ते म्हणाले. "मंग भाकरच खातो. तवर जमते, बाप्पा, जमते."

लग्नापर्यंत ते पुऱ्याच खात राहिले, उभ्याने. हकिमाने सांगितल्याप्रमाणे चेहरा पिवळा होत गेला. लोक म्हणाले, पाटलांवर श्रीमंतीचे तेज आले. गंमत अशी की त्याच घरात पाटलीणबाई चुलीमागे लपून गड्यांच्या घरची भाकरी खात, कारण पुऱ्यांनी त्यांची छाती जळे. पाटील स्वयंपाकघराच्या दाराशी आले की त्या भाकरी परातीखाली ढकलत. पाटलांना वास येई. ते क्षणभर थांबत आणि वळत. नवऱ्याला दुखण्याची लाज, बायकोला भाकरीची. एकाने तोंड उघडले असते तर दोघांचे भागले असते.

लग्न थाटात झाले. देशमुखांकडचे वऱ्हाड मोठे, त्यांचे मान मोठे, आणि दक्षिणेचा अंदाज आल्यामुळे भटजींचे मंत्रही लांब. उभ्याने कन्यादान करण्याची सोय शास्त्रात नाही. पाटील पाटावर बसले. शुभ्र नागपुरी धोतर, खांद्यावर जरीचा शेला. मी समोरच होतो. कपाळावर घाम डवरला होता, ओठ मिटलेले, पण मुलीच्या हातावर पाणी सोडताना हात हलला नाही. बाप गहिवरला, असे बायका म्हणाल्या.

विधी संपला आणि ते उठले. धोतर मागून लाल झाले होते.

आधी कोणालाच कळले नाही. पाटलीणबाई ओरडल्या, "अव माय! धन्याले काई लागलं!" माणसे धावली. वराचा एक काका पुढे झाला, त्याने नीट पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "लागलं नाई. पाटलाच्या पुऱ्या बाहेर येऊन राहिल्या!"

मांडव हसला. सगळाच नाही, पण हसू ऐकू येण्यापुरता पुष्कळ. वराचे वडील तेवढे हसले नाहीत. ते अतिशय बारकाईने आपल्या अंगठ्या पाहत राहिले, आणि माझ्या लक्षात आले की सकाळपासून त्यांनाही मी बसलेले पाहिले नव्हते.

कौतिका तेरा-चौदा वर्षांची होती. मुंडावळ्या बाजूला सारून तिने आपल्या शालूचा पदर वडिलांच्या कमरेशी धरला आणि विचारले, "बाबा, हे कवापासून सोसून राहिले तुमी?" त्या मांडवात शहाणा प्रश्न एवढा एकच विचारला गेला. शेला कमरेभोवती गुंडाळून पाटील माणसांतून वाट काढत कापसाच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

सोयरीक मोडली नाही. ज्यासाठी एवढे सोसले ते साधले होते. पण वरात निघायची वेळ झाली तरी पाटील बाहेर येईनात. मला पाठवले.

"मास्तर," आतून आवाज आला, "सांगा तिले, बाबा अमरावतीले गेले."

"नवरीचा बाप मांडवातून अमरावतीला?"

"मंग सांगा झोपले."

"पाटील, ती गाडीत बसली आहे. बैल जुंपलेत."

"तिच्या सासरच्याइनं मले पाह्यलं ना. आता तिच्या डोयासमोर कसा येऊ?"

मागे चाहूल लागली. कौतिका गाडीतून उतरून आली होती. तिने सगळे ऐकले होते. ती दाराजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, मी चालली." आत कापसाची सळसळ झाली, पण कडी निघाली नाही. तिने दारापुढच्या जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि डोळे न पुसता गाडीकडे गेली.

लग्नानंतर भाकरी खाईन म्हणालेले पाटील तरीही पुऱ्याच खात राहिले; आता भाकरी मागणे म्हणजे दुखणे कबूल करणे होते. पुढे लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. ज्वारी पुन्हा घराघरांत आली. कोणी कोणाला विचारले नाही. जे औषध पाटलांना लाजेने घेता आले नाही ते मंदीने सगळ्या मुलखाला एकदम पाजले. पाटलांचे रक्त थांबले, चेहऱ्यावर रंग आला, ते चारचौघांत मांडी घालून बसू लागले. लाज मात्र भाकरीने बरी होत नाही. कौतिका सणाला माहेरी आली की ते पहाटेच शेतावर जात. बोलले तर बैलांविषयी, पाण्यापावसाविषयी. ती उठून गेली की तिच्या पाठीकडे पाहत राहत.

कित्येक वर्षांनी त्यांना हगवण लागली. रक्त, आव, ताप. वैद्याने आशा सोडली. माझी बदली अमरावतीला झाली होती. निरोप मिळाला तसा मी गेलो. कौतिका आधीच येऊन पोचली होती, आता दोन लेकरांची आई, आवाजाने आणि बांध्याने भरभक्कम. पाटील बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कपडे खराब झाले होते, आणि ते तिला जवळ येऊ देत नव्हते.

"तू नको, पोरी. गड्याले बोलाव. तू बाहीर जाय."

"लग्नात कडी लावून बसले होते," ती म्हणाली. "आता कुठी पयता? इकडं तोंड करा."

"नाई."

"करा म्हन्ते ना."

मी तिथे उभे राहणे बरे नव्हते. ओट्यावर येऊन बसलो. आत पाण्याचा आवाज आला, कपडे पिळल्याचा आला. मग बऱ्याच वेळाने पाटलांचा, अगदी खोल गेलेला:

"तुले घान नाई वाटत, व माय?"

"वाटते ना," कौतिका म्हणाली. "मंग काय करू? त्या पुऱ्यावाल्या चुलतसासऱ्याले बोलावू?"

पाटील हसले. धाप लागेपर्यंत, खोकला येईपर्यंत हसले, आणि मग बराच वेळ मुलीशी काहीबाही बोलत राहिले. ते काय बोलले ते मी ऐकले नाही. उठून अंगणाच्या पलीकडे गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले, तेव्हा त्यांचे तोंड तिच्याकडेच होते.