पेंटरने काढलेलं टेबल

मालेगावच्या चौकात रोज भेटणारे पेंटर समोर वस्तू ठेवल्याशिवाय ब्रश उचलत नाहीत. बोलतानाही एकेक शब्द वाळू देतात. लढाईच्या दिवसांत आमच्या मंडळाने त्यांना देशभक्तीचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी गावातल्याच, सीमेवर असलेल्या एका शिपायाच्या आईच्या घरी बसून तिचं टेबल रंगवलं: छोटा तिरंगा, साय धरलेला चहा, चार्जिंगला लावलेला फोन.

"फोन खोडा, बंदूक काढा," मी म्हणालो.

"बंदूक म्या पाह्यली नाई, सर. त्या मायले फोनकडं पायताना पाह्यलं." त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "खोडाचा असंन तं तुमीच खोडा."

मी ब्रश घेतला नाही. चित्र चौकात तसंच लागलं. खरं सांगतो, सैन्यात भरतीला निघालेल्या माझ्या मुलाला मीच शपथ घालून पुण्याला नोकरीला धाडलं होतं, आणि चौकात मात्र मला बंदूक पाहिजे होती.