खांबपर्यंत दोन डावे बूट

आमच्या घरात हौसेने कुणी कधी घाम गाळला नाही. कामातून तेवढा शिल्लकच राहत नसे.

पेण तालुक्यात खाडीकाठी आमचं घर. बाबा मिठागरात, आई मिठागरात, आणि शाळेला सुट्टी लागली की मीही मिठागरात. खाऱ्या पाण्याने पायांना भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांत पुन्हा मीठ. उधाणात बांध फुटला की धावत सुटायचं, वाहून निघालेली टोपली धरायला पोहत जायचं, आणि काकांची सायकल हाताशी लागली तर तिच्यावरून पेणच्या बाजाराला. म्हणजे पोहणं, सायकल, धावणं हे तिन्ही आम्ही करतच होतो. फक्त याला खेळ म्हणतात हे आम्हाला कुणी कळवलं नव्हतं!

पुढे मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. (हे मी पुन्हा एकदा सांगितलं तर सांभाळून घ्या. आई रोज सांगते.) रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालेलं. एके दिवशी कॅन्टीनच्या फळ्यावर वाचलं: ‘त्रिक्रीडा क्लब. पोहणे, सायकल, धावणे, एका दमात. इच्छुकांनी भेटावे.’ कुणाला भेटावे आणि कुठे, ते लिहायला कुणी इच्छुक नसावा.

मी शोधायला निघालो. आधी तालमीत गेलो.

“तसला काय नाय आपल्याकडं,” वस्ताद म्हणाले. “कुस्ती पायजे तर लंगोट घेऊन ये.”

सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं. “सायकल कुठाय?”

“सायकल नाय आणली. क्लब शोधतोय.”

“मग पंक्चर झाल्यावर ये.”

सगळं रोहा पालथं घातलं, आणि क्लब सापडला आमच्याच कंपनीत, माझ्या लॅबच्या जिन्याखाली! मेंटेनन्सचे सरनाईक साहेब तो चालवत. काटक माणूस, गळ्यात स्टॉपवॉच, बोलणंही घड्याळ लावून.

“पोहता येतं?”

“खाडीत पोहलोय.”

“धावता?”

“बांध फुटला की.”

साहेब हसले नाहीत. “रविवारी परीक्षा. कुंडलिका नदीत पोहायचं, तिथून सायकलने कोलाड, कोलाडहून धावत खांब गाव. कुणाची मदत घ्यायची नाही. पुरं केलं तर मेंबर, नाहीतर पुढल्या वर्षी.”

मला मेंबर व्हायचंच होतं. क्लबात सगळे इंजिनिअर, ऑफिसर. त्यांच्या ओळीत एक मिठागरवाला उभा राहिलेला मला बघायचा होता. घरी सहज बोललो, आणि घात झाला. बाबांनी परीक्षेआधीच निकाल लावून टाकला. पारावर, गिरणीत, बाजारात, सगळीकडे एकच: “पोरगा क्लबात गेला! रोह्याच्या!”

“बाबा, अजून परीक्षा हाय.”

“तू बीएस्शी झालास. त्याच्यापुढं ही कसली परीक्षा?”

आता मागे फिरायला रस्ताच उरला नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने आई-बाबा रोह्याला हजर. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात, आई लग्नाकार्याच्या लुगड्यात. आईच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट, बाबांच्या पिशवीत सुंभाचं वेटोळं. (लोक घराबाहेर पडताना रुमाल घेतात, बाबा सुंभ घेतात.)

नदीकाठी सरनाईक साहेबांनी चुन्याच्या रेषा मारून सायकली ओळीने लावल्या होत्या. प्रत्येक सायकलीपाशी ज्याचा त्याचा टॉवेल आणि बूट. सगळ्यांचे बूट पांढरे कॅनव्हासचे, एकाच दुकानातले. साहेब होडीत बसले, शिट्टी वाजली, आम्ही पाण्यात.

मी खाडीत शिकलो तसा पोहत होतो, डोकं वर काढून. होडीतून साहेब ओरडले, “हा कुठला स्ट्रोक?”

“आमच्याकडचा!” मी म्हणालो आणि दोन इंजिनिअर मागे टाकले. समोरच्या काठावरच्या झेंड्याला हात लावून परत फिरलो. अंगात अशी ताकद आली होती की विचारू नका. बाहेर आलो तेव्हा आघाडीच्या चौघांत होतो! आणि बाकीचे तिघे काठावर पुतळ्यासारखे उभे होते.

सायकली नव्हत्या. बूट नव्हते. टॉवेल नव्हते. नुसत्या चुन्याच्या रेषा.

“चोरी!” एकजण ओरडला आणि ओल्या हाफपँटवरच पोलीस ठाण्याकडे निघाला. दुसरा म्हणाला, “थांब, मी पण येतो, सायकल मेव्हण्याची आहे!” होडीतून साहेबांची शिट्टी थांबेना.

मी मात्र काठावर आई-बाबांना शोधायला लागलो. कारण आमच्या खाडीकाठी एक रीत आहे. कुणी पाण्यात उतरलं की त्याचं सामान काठावरच्या माणसाने उचलून वर बांधावर न्यायचं. भरती सांगून येत नाही. सामान कुणाचं हे विचारायचं नाही, आधी उचलायचं.

“घाबरू नका!” वरून आवाज आला. बाबा उंचावर उभे राहून टॉवेल हलवत होते. “सगला वर घेतलाय! काय एक वाहून जाऊ दिला नाय!”

आणि आई-बाबा दोघंही आम्ही आभार कधी मानतो याची वाट बघत उभे राहिले.

“कोण आहेत हे?” साहेबांनी होडीतून उतरत विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी छाती पुढे काढली. (ओल्या बनियनमध्ये ती फारशी पुढे येत नाही.) “माझे आई-बाबा,” मी म्हणालो.

वर जाऊन बघतो तर सायकलींवर सायकली रचलेल्या आणि सगळा ढीग सुंभाने आवळलेला. उधाण तर सोडाच, क्रेन आणली असती तरी हलला नसता! बुटांच्या नाड्या एकमेकांत गुंफून त्यांची भली मोठी माळ केलेली. ती आईची कामगिरी.

“बाबा, सोडा लवकर!”

“सोडतो. पण आपली शेवटी. आधी पावन्यांची.”

“अहो, शर्यत हाय!”

“शर्यत असली म्हणून मानुसकी सोडायची?”

माझी सायकल तर ढिगाच्या तळाशी होती. एकेक इंजिनिअर आपली सायकल घेऊन, बाबांना नमस्कार करून निघून गेला. बाबा प्रत्येकाला “सावकास जावा” म्हणत होते. मागे टाकलेले दोघेही गेले. शेवटी ढिगात माझी सायकल उरली आणि माळेत दोन बूट. दोन्ही डावे!

घातले. काय करणार?

कोलाडपर्यंत सायकलवर फारसं जाणवलं नाही. धावायला लागलो आणि उजवा पाय बंड करून उठला. मी सरळ निघायचो, तो मला रस्त्याच्या मध्ये न्यायचा. हायवेवरच्या हॉटेलातून लोक बाहेर आले. “काय झाला हो? अपघात झाला काय?” एक एसटी थांबली. कंडक्टर दारात येऊन म्हणाला, “चुकलेली गाडी हीच काय? चढा!”

“मला चढायचं नाय!”

“मग हात कशाला हलवताय?”

मी तोल सावरत होतो.

तेवढ्यात मागून मिनिडोर रिक्षा आली. आत आई-बाबा. गाडी माझ्या बरोबरीने चालायला लागली.

“अरे बस ना,” आई म्हणाली, “जागा हाय.”

“बसलो तर बाद करतील!”

“जागा असून धावतोस? लोक काय बोलतील?” आईने भाकरी बाहेर काढली. “निदान घास खा.”

“मदत घ्यायची नाय, आई!”

“ही मदत नाय, सुकट हाय!”

बाबा मात्र माझ्या पायांकडे बघत होते. मग ड्रायव्हरला म्हणाले, “गाडी मागं घे. त्याला एकट्याला जाऊ दे.” आणि आईला हळूच, पण मला ऐकू येईल इतकं, “मेंबर व्हायचाय गो त्याला.”

त्यानंतर बूट किती चावले ते मला आठवत नाही.

खांबला पोचलो तेव्हा बाकीचे चहा पिऊन, गप्पा संपवून, परत जायच्या तयारीत होते. सरनाईक साहेबांनी स्टॉपवॉच बघितलं, मग माझे बूट बघितले, मग मागून उतरलेल्या आई-बाबांना बघितलं.

“मदत घेतली तर बाद करायचं, असा आपला नियम आहे,” ते बाकीच्यांना म्हणाले. “घरच्यांनी एवढी अडचण करूनही जो पोचतो त्याचं काय करायचं, ते कुठे ठरलेलं नाही.”

“घ्या हो त्याला,” एक इंजिनिअर म्हणाला. दोन्ही उजवे बूट हातात धरून तो अनवाणी उभा होता. “माझ्या पायाची शपथ आहे.”

साहेबांनी हात पुढे केला. बाबांनी तो माझ्याआधी धरला आणि जोरजोरात हलवला. आईने सगळ्यांच्या हातांवर भाकरी-सुकट ठेवली, आणि शिस्तीच्या सरनाईक साहेबांनी दुसरी भाकरी मागून घेऊन खाल्ली.

असा मी त्रिक्रीडा क्लबचा मेंबर झालो. आमच्या गावातला पहिला आणि त्या परीक्षेतला शेवटचा.