संशयित दगड, नग एक

सरकारी नोकरीतले किस्से जमवावे लागत नाहीत हो. कपाटावर जुन्या फायली साचतात ना, कुणी ठेवल्या ते कुणालाच आठवत नाही, तसे ते साचत जातात. परवा फ्रीगंज बाजारात चहा पीत होतो, तर समोर आमच्या जुन्या दफ्तराची इमारत पाडत होते. एकेक भिंत पडत होती आणि एकेक किस्सा आठवत होता. चहा गार झाला माझा. बसा, सांगतो.

देश नुकता स्वतंत्र झाला होता. आमचं ग्वाल्हेर संस्थान मध्यभारत नावाच्या नव्या राज्यात गेलं होतं आणि मी, वसंता, महाकालाच्या आमच्या गावात, खनिजांच्या एका छोट्याशा दफ्तरात क्लार्क म्हणून चिकटलो होतो. खोल्या दोन, माणसं चार. साहेब, चपराशी भंवरलाल, मी आणि आमचे हेडक्लार्क अप्पा टेंभे. अप्पांच्या चार पिढ्या सरकारी चाकरीत गेलेल्या. पोस्टाच्या डब्यात पत्र टाकलं तरी हा माणूस दोन मिनिटं डब्याकडे बघत उभा राहायचा, पावती येते की काय म्हणून!

*

एक दिवस दिल्लीहून फिरत फिरत एक परिपत्रक आलं. अणुशक्तीच्या कामाचं खनिज कुठे सापडलं तर लगेच ताब्यात घ्या, कुलपात ठेवा आणि 'अनिष्ट हातांत' पडू देऊ नका.

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. भंवरलालनं हळूच आपले हात पाठीमागे नेले.

अप्पा उठून उभे राहिले. "साहेब, अनिष्ट हात म्हणजे नक्की कोणाचे? यादी मागवू का?"

मागवली! तीन महिन्यांनी उत्तर आलं, 'यादी गोपनीय आहे.'

अप्पांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "म्हणजे सगळेच!"

"म्हारा भी, बाबूजी?" भंवरलालनं विचारलं.

"तुझेसुद्धा आणि माझेसुद्धा. कामाला लाग."

*

पुढच्याच महिन्यात एका गावात विहीर खणताना एक दगड निघाला. काळा कुळकुळीत, नारळाएवढा, पण वजन असं की उचलताना भंवरलालच्या तोंडून महाकालाचं नाव निघालं. दौऱ्यावर आलेल्या एका भूगर्भवाल्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "संशयास्पद वाटतो. मुंबईहून तपासणी होईपर्यंत जपा." एवढं बोलून तो गाडी पकडायला गेला.

आता नोंद कशात करायची? कागदाची टंचाई. संस्थानच्या तुरुंगातलं एक कोरं रजिस्टर पडलं होतं, अप्पांनी तेच काढलं. त्यातले रकाने छापील, आणि छापील रकाना रिकामा सोडणं अप्पांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'नाव : संशयित दगड, नग एक. वय : अज्ञात. गुन्हा : तपास चालू. वर्तणूक : शांत.'

आणि पुढे दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता, 'वर्तणूक : शांत.'

*

मग दोन चाब्यांची तिजोरी आली. एक चाबी अप्पांकडे, दुसरी वरच्या बडे साहेबांकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा कडक नियम!

बडे साहेब दगड बंद करायला स्वतः आले, पण फार घाईत होते. टेबलावर दगडाचे कागद होते. शेजारी अप्पांचं सर्व्हिस बुक होतं, कसल्याशा सहीसाठी काढलेलं. बडे साहेब म्हणाले, "महत्त्वाचे कागद सब अंदर!" भंवरलालनं दोन्ही हातांनी टेबल साफ केलं. खट्, खट्. दोन कुलपं लागली, बडे साहेब टांग्यात बसले.

संध्याकाळी अप्पा टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होते. मी विचारलं, "अप्पा, काय हरवलं?"

"माझी नोकरी," अप्पा म्हणाले.

खरंच हो! नोकरीत कधी लागले, जन्म कधीचा, सगळं त्या बुकात. ते नाही तर रिटायरमेंट नाही आणि पेन्शनही नाही. आणि अप्पांना रिटायर व्हायची भारी घाई होती. काकूंना त्यांनी लग्नातच शब्द दिला होता, नोकरी संपली की दोघं पायी नर्मदेची परिक्रमा करू. रीतीप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस! अप्पांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. काकू रोज रात्री तेल चोळायच्या आणि म्हणायच्या, "अहो, गुडघे आहेत तोवर काढा हो ते बुक!"

*

चाबी मागवायची म्हणजे काय चेष्टा होती? मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. अर्धं सरकार ट्रंका बांधून सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. अप्पांचं पत्र ग्वाल्हेरला पोचायचं तेव्हा बडे साहेब इंदूरला निघालेले असायचे. इंदूरला लिहावं, तर उत्तर यायचं, 'चाबी ग्वाल्हेरच्या कपाटात राहिली आहे आणि त्या कपाटाची चाबी येथे आहे.'

बघता बघता अप्पांना पंचावन्न पूर्ण झाली. त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज केला, 'मी आज सेवानिवृत्त झालो आहे.'

साहेबांनी परत पाठवला. "टेंभे, कागद नाही तर वय नाही!"

मी पेढे घेऊन आलो होतो. फुकट जायला नकोत म्हणून दगडाच्या नावानं वाटून टाकले.

*

त्यात साहेबांना एक दिवस झटका आला. म्हणाले, ज्यांच्याकडे रेडियम असेल त्यांनी लेखी कळवावं. दफ्तरात रेडियम होतं एकाच ठिकाणी, अप्पांच्या मनगटावर. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ, अंधारात काटे हिरवे चमकायचे. अप्पांनी अर्थातच तीन प्रतींत कळवलं!

साहेबांनी शेरा मारला, 'सदर घड्याळ परवानगीशिवाय दफ्तराबाहेर नेऊ नये.'

झालं. अप्पा रोज संध्याकाळी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवून घरी जायचे आणि रोज सकाळी उशिरा यायचे. चौथ्या दिवशी साहेब कडाडले, "टेंभे, वेळ पाहता की नाही?"

"पाहतो ना साहेब," अप्पा म्हणाले, "पण इथे आल्यावर!"

*

आता हे ऐकताना हसू नका, कारण त्या दिवशी मी अप्पांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

वडिलांच्या श्राद्धासाठी अप्पा रामघाटावर गेले होते. साहेब दौऱ्यावर, मी तारघरात. दफ्तरात एकटा भंवरलाल. आणि नेमके बडे साहेब न कळवता आले. चाबी खिशात!

भंवरलाल तिजोरीसमोर आडवा झाला. "साब, आपको हाथ नी लगाने दूँ."

"अरे, मैं कौन हूँ पता है?"

"पता है साब. पण लिस्ट तो गोपनीय है. आपको नाम बी होय तो म्हने कंई मालम?"

बडे साहेब बघतच राहिले. मग इतके खूश झाले की विचारू नका! व्हिजिट बुकात अर्धं पान लिहिलं, 'असा दक्ष शिपाई प्रत्येक दफ्तरास मिळो.' भंवरलालची पाठ थोपटली आणि चाबी घेऊन परत गेले.

अप्पा घाटावरून आले. भंवरलालनं छाती फुगवून पान दाखवलं. अप्पांनी ते दोनदा वाचलं, खुर्चीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भंवरलालला वाटलं, आपल्या कौतुकानं बाबूजींना भरून आलं. तोही रडला.

*

मग राज्यांची नवी मांडणी झाली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला. अप्पांनी तिथे लिहिलं. उत्तर आलं, 'तिजोरी मध्यप्रदेशाची आहे. चाबी मध्यभारताची आहे. ते राज्य आता अस्तित्वात नसल्याने त्याच्याशी पत्रव्यवहार करता येत नाही.'

शेवटी एका ट्रंकेच्या तळाशी ती चाबी सापडली, आणि ती घेऊन मुंबईहून तपासणीचे साहेब आले. सोबत टकटक करणारं यंत्र. तिजोरी उघडली. अप्पांनी सर्व्हिस बुक असं छातीशी धरलं की ते काढून घ्यायची कुणाची हिंमत नव्हती.

दगडावर यंत्र धरलं. गप्प! उलटा केला, तरी गप्प. आणि यंत्र अप्पांच्या मनगटाजवळून गेलं तसं टकटकटकटक!

"दगड साधा आहे," मुंबईचे साहेब हसत म्हणाले. "फेकून द्या." आणि तेही गाडी पकडायला गेले.

पण फेकायचा लेखी हुकूम? साहेब देईनात. तिजोरीत परत ठेवावा, तर तिजोरी फक्त संशयित दगडांसाठी, आणि हा सुटलेला! आता अप्पांची सुटका एकाच सहीवर अडली होती. रजिस्टरातल्या दगडाचा चार्ज पुढच्या माणसानं घ्यायचा होता आणि तो पुढचा माणूस म्हणजे मी.

मी सही केली नाही. खोटं कशाला सांगू, घाबरलो. सात वर्षं अप्पांचे हाल पाहिले होते. मलाही कधीतरी रिटायर व्हायचं होतं.

 अप्पांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, 'दगड माझ्या व्यक्तिगत ताब्यात. वर्तणूक : शांत.' दगड पिशवीत घातला आणि घरी गेले.

*

दोनेक वर्षांनी कामानिमित्त महेश्वरला गेलो होतो. परतीच्या बसला वेळ होता म्हणून घाटावर उतरलो. बघतो तर पायरीवर अप्पा आणि काकू! पांढरे कपडे, हातात काठ्या. परिक्रमेला निघाले होते! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, पळत जाऊन पाया पडलो.

काकू अप्पांच्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. शेजारी अप्पांची झोळी होती. झोळीच्या तळाशी काहीतरी गोल, जड, नारळाएवढं.

"अप्पा!" मी म्हटलं. "तो अजून?"

"तूच सांग रे यांना," काकू वैतागून म्हणाल्या. "रोज म्हणते, सोडून द्या मैयेत. इतके दगड आहेत तिच्यात, एक तिला जड होणार आहे का?"

"मी कुठे नाही म्हणतो?" अप्पा शांतपणे म्हणाले. "मैया घेईल की. पण पावती कोण देणार?"

काकूंचा तेलाचा हात थांबला. त्यांनी एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा झोळीकडे, आणि मग दोघांनीही एकदमच माझ्याकडे पाहिलं. अप्पांनी झोळीतून हळूच तुरुंगाच्या रजिस्टराचं एक कोरं पान काढलं.

मी म्हटलं, "काकू, माझी बस सुटली वाटतं!"