एका टेबलावरची टेस्टिंग

दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात की नाही, हे तपासायचं माझं काम होतं. कपाशीवर फवारणी करणारी माणसं विषबाधा होऊन दवाखान्यात यायला लागली, तेव्हाची गोष्ट. उमरखेडच्या डॉक्टरांना यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला लगेच मिळावा म्हणून लाइन जोडायची होती. आमच्या ठेकेदारानं काय करावं? दोन्ही मशीन यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या ऑफिसात एकाच टेबलावर मांडल्या, मधे हातभर वायर लावली आणि निरोप पाठवला. उत्तर पटकन आलं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'जोडलेले' झळकलं. झाली टेस्टिंग! लगेच हळदकुंकू, नारळ, पेढे.

माझं डोकं सणकलं. मी सगळ्यांसमोर वायर उपटली. वायर माझ्या हातात लोंबतेय, आणि स्क्रीन म्हणते, जोडलेले!

"पाहा! तिकडचं मेलं तरी इकडच्याले पत्ता नाही. उमरखेडची लाइन तर दिवसभर तुटत राह्यते."

"वायर कायले उपटतं बे?" ठेकेदार माझ्यावरच भडकला. "तिथं कोन जाऊन राह्यलं उपटाले? मशीन उद्या पाठवाची हाय."

आणि पाठवली, तशीच.

पुढं बॅटरी बसवायला मी उमरखेडला गेलतो. फवारणी बाधलेली एक मजूर बाई खाटेवर होती, उशाशी तिचा नवरा. तरुण डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं होतं आणि इथं ठेवू की यवतमाळला पाठवू, असं सकाळीच मशीनवर विचारलं होतं. आता फोन करायचा नाही, मशीनवरच विचारायचं, असं वरून बजावलेलं. "जोडलेलं आहे, साहेब पाहत असतील," त्या नवऱ्याला सांगत होत्या. गाडी दारात उभी होती.

मी यवतमाळला फोन लावला. "आमच्याकडं सकाळपासून काहीच आलं नाही," तिकडून सांगितलं.

"अहो, तिकडं काही पोचलंच नाही! काढा गाडी!" मी बोंबललो.

गाडी निघाली. वाटेतच, आर्णीच्या अलीकडं बाई गेली.

ठेकेदाराला मी फोनवर आईमाईवरून शिव्या घातल्या. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. नालायक माणूस, म्हणतो कसा, लाइन आपली जबाबदारीच नाही.

बाईला परत आणलं तेव्हा तिचा नवरा माझ्याजवळ आला. तो ओरडला असता, माझी गचांडी धरली असती, तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला,

"भाऊ, मंग इतका वेळ आमी कोनाची वाट पाह्यत होतो?"