आपली म्हणजे कुणाची

मे महिन्यातला दुसरा शनिवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. हजर: मी, माझा मुलगा, लग्न ठरलेला, गाडी चालवायला, आणि ह्यांच्या आत्या, वय ऐंशीच्या पुढे, मागच्या सीटवर दोन उशा लावून. गैरहजर: हे. लग्नसराईत झेंडूची तोडणी रोज असते आणि पहाटेच्या फूलबाजाराला क्रेट पोचवावेच लागतात. नाशिकच्या कडेला फुलांचा मळा असलेल्या माणसाला मे महिन्यात तीन दिवस घर सोडता येत नाही. तसं मलाही येत नव्हतं. पण पत्रिका अडली होती.

पत्रिकेच्या डोक्यावर कुलदेवीचं नाव लागतं. आमच्या घरी आजवर ‘श्री सप्तशृंगी प्रसन्न’ एवढंच छापलं गेलं. आजूबाजूच्या सगळ्या घरांचं तेच असतं, म्हणून आमचंही. ह्या वेळी नमुना घरी आला तेव्हा आत्याबाईंनी तो हातात घेतला, मला मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाल्या, “वणीची आई थोर हाय. पण ती आपली नाय.”

“मग आपली कोणती?”

“आपली लांब हाय. दगडात बसलेली.”

“माझ्या लग्नाच्या वेळी का नाही सांगितलंत?”

“तवा मला कोण इचारत होतं? मी मागच्या खोलीत, दळणाच्या डब्यांशेजारी.”

ते खरं होतं. आत्याबाई विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या. त्या घरात लग्नकार्य निघालं की त्या मागच्या खोलीत असायच्या. आता तसं कुणी करत नाही, त्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसतात, आणि आमच्या घरातलं हे शेवटचंच लग्न. देवी सापडली नाही तर मी अक्षता टाकायला येणार नाय, असं त्यांनी सांगितलं. रागाने नाही. रात्री भाकरी नको, दूध चालेल, असं सांगावं तसं.

मी वही काढली आणि त्यांना आठवतं ते लिहून घेतलं. वय सात. देवळाशेजारी पाणी. आत वाकून जायचं, डोक्यावर दगड. आत उभं राहिलं की कुठून तरी घूं असा आवाज. दर्शनानंतर ओलं खोबरं आणि गूळ घातलेले पोहे. गावाचं नाव आठवत नाही, कशात बसून गेलो ते आठवत नाही. त्यांची आजी, जिला सगळी नातवंडं मोठीआई म्हणायची, तिने सांगितलेलं एक वाक्य मात्र पक्कं: “ही आपली देवी. विसरू नको.”

ह्यांचं म्हणणं, आपले लोक जुन्नरकडून नाशकात आले, तेव्हा तिथल्या लेण्यांत बघा. मुलाचं म्हणणं, ओलं खोबरं म्हणजे कोकण, सरळ रेवदंड्याच्या बाजूला जाऊ. आणि पाणी म्हणजे तलावही असू शकतो, तर जाताना भंडारदरा करू. भंडारदरा त्याला होणाऱ्या बायकोला फोटो पाठवायला हवा होता, हे मला कळत होतं. मी तिन्ही ठिकाणं एका रस्त्यात बसवली, मुक्काम दोन, परत सोमवारी संध्याकाळी.

एक गोष्ट मी गाडीत कुणाला सांगितली नव्हती. प्रेसवाल्याला मी शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं की सोमवारी चारपर्यंत माझा फोन आला नाही तर वणीची छापा. कामं अशी अडवून ठेवायची मला सवय नाही.

भंडारदऱ्याला सव्वासातला पोचलो. पाणी खूप उतरलेलं, भोवती तपकिरी मातीचे पट्टे. आत्याबाई काठी टेकत उतरल्या, बघत राहिल्या.

“हे पाणी अडवलेलं हाय.”

“आजी, पाणी पाणीच ना!”

“आमच्या पाण्याला पायऱ्या होत्या. ह्याला नुसती कड. चल, तुझे फोटो काढून झाले असतील तर.”

“एक राहिलाय.”

“मग काढ. नवरी रुसायची नाहीतर.”

मी घड्याळ बघत होते. राजूर, कोतूळ, ओतूर असा घाटमाथ्यावरून रस्ता; वळणं भरपूर, सावली कमी. ह्यांचे चार फोन आले. मोटरचा स्टार्टर गेला, तोडणीच्या दोन बायका आल्या नाहीत, सुतळीचा गठ्ठा कुठे आहे, तो सापडला. प्रत्येक फोननंतर मला वाटायचं, गाडी वळवावी. जुन्नरला दुपारी पोचलो तेव्हा दगड तापून लाल झालेले. लेण्यांना तीनशेच्या वर पायऱ्या, म्हणून ते काम रविवारी पहाटेवर टाकलं.

पहाटे पायथ्याला डोलीवाले उभे होते. आत्याबाईंनी हात जोडले. “चार माणसांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं. तुम्ही जा, बघून या, मला सांगा.”

आम्ही चढलो. वर उंच दारं, खांब, भला मोठा थंड सभामंडप. मी प्रत्येक दाराशी उभी राहून उंची बघत होते, जणू पडद्यांची मापं घ्यायला आले होते. मुलगा खांबाला टेकून फोनवर बोलत होता. खाली आले तर आत्याबाई झाडाखाली काकडी खात बसलेल्या.

“वाकायला लागलं का?”

“नाही.”

“मग नाय.”

माळशेज उतरताना माझा तोल गेला. मी म्हणाले, “आत्याबाई, तुम्हांला नक्की आठवतंय ना? की कुणाचं ऐकलेलं?”

त्या काचेतून बाहेर बघत होत्या. “तू गॅस बंद केलास का, ते काल दोनदा फोन करून इचारलंस. सकाळी परत एकदा. आणि मला म्हणतेस, सत्तर वर्सांचं आठवतं का?”

मुलगा हसला. मी त्याला रस्ता बघायला सांगितलं. पण पुढे मुरबाडपर्यंत मला त्या वाक्याचा काटा बोचत होता. मला त्यांची देवी सापडायला हवी होती की नुसती यादी संपायला हवी होती, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

पेणनंतर गाड्यांची रांग. रेवदंड्याला पोचायला संध्याकाळ झाली. समुद्राकडे पोर्तुगीज तटाची पडकी भिंत, आणि आत गावात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून एकच गाडी जाईल एवढे रस्ते. आम्ही एका वाडीत उतरलो. आत्याबाई नीट जेवल्या नाहीत. उठून दाराशी जायच्या, परत येऊन बसायच्या. मी विचारलं, काही ओळखीचं वाटतं का? म्हणाल्या, “वास.”

वाडीच्या मालकिणीने मला आसपासची पाच देवळं लिहून दिली. सोमवारी सकाळी सातला सुरुवात केली. पहिल्याला पाणी नव्हतं. दुसऱ्याला पाणी होतं पण देऊळ नवं, फरशी लावलेलं. तिसऱ्याचा दरवाजा माझ्या दुप्पट उंच. दहाला आम्ही चौथ्याशी आलो. रेवदंड्याच्या अलीकडे, चौलच्या बाजूला, मुख्य रस्त्यावरून आत एक लहानशी पुष्करणी, हिरवं पाणी, चारी बाजूंनी पायऱ्या. तिच्या कडेला खडक, आणि खडकात माणसाच्या छातीएवढं दार.

आत्याबाईंनी काठी माझ्या हातात दिली आणि वाकल्या. दोन वर्षांत त्या कशालाही वाकलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. खाली पडलेला चष्मासुद्धा आम्ही उचलून देतो. त्यांच्यामागे मी गेले. आत गार होतं, एक समई, शेंदूर लावलेली छोटी मूर्ती. आणि खडकातून घूं असा आवाज येत होता. समुद्र जवळच कुठेतरी असणार. आत्याबाई उभ्या होत्या, दोन्ही हात भिंतीला लावून, आणि त्यांचे ओठ हलत होते.

मी बाहेर आले. मुलगा हळू आवाजात म्हणाला, “आई, प्रेसला फोन कर.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यानेच. परवा मला विचारत होता, तुमची आई एवढ्या घाईत का आहे म्हणून.”

मी फोन काढला. नंबर लावणार तोच देवळाची गुरवीण झाडू घेऊन आली. पन्नाशीची असेल, पदर खोचलेला. मी तिला सगळं सांगितलं. आनंदाने जरा जास्तच सांगितलं असेन. तिने आडनाव विचारलं. मी सांगितलं.

“ह्या आडनावाचं कुणी येत नाही इथे,” ती म्हणाली. “येणारी घरं मला पाठ आहेत. माझ्या सासूलाही पाठ होती.”

“लांब गेले असतील. खूप वर्षं झाली.”

“लांब गेलेलेही येतात, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. आजी, तुम्ही कुणाबरोबर आला होतात?”

आत्याबाई दारातून वाकून बाहेर येत होत्या. “मोठीआईबरोबर.”

“आजोबा होते?”

“नाय. आबा नव्हते. आबा मळ्यातच राहिले.”

“वडील, काका, कुणी पुरुषमाणूस?”

“आम्ही दोघीच. आणि तिच्या भावाची बैलगाडी होती इथं. आठवलं बघ आता.”

गुरवीण हसली, पण चेष्टेने नाही. “मग ही तुमची नव्हे, आजी. तुमच्या आजीची. कुळाच्या देवीला घरातला पुरुष नारळ घेऊन येतो. नातीला घेऊन एकटी बाई येते, ती माहेरी.”

कोण कोण गेलं होतं, हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. घरच्या देवीला घरचे जातात, त्यात विचारायचं काय, असं मी धरून चालले होते. खरं तर हे मलाच आधी कळायला हवं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मी ‘आमच्याकडे असं करतात’ म्हटलं की सासूबाई लगेच म्हणायच्या, “आमच्याकडे म्हणजे कुठे? आता आपल्याकडे म्हण.” माहेर ते ‘आमचं’, सासर ते ‘आपलं’. हे बोट धरून शिकवतात. मोठीआईलाही कुणीतरी शिकवलं असणार. तरी इथे, ह्या दारात, सात वर्षांच्या नातीजवळ ती ‘आपली’ म्हणाली. नात ती आपल्या घरची आहे असं समजली, आणि सत्तर वर्षं तसंच जपत राहिली.

मुलगा आत्याबाईंजवळ पायरीवर बसला. “आजी, मग पत्रिकेवर काय?”

“वणीचीच घाल,” त्या म्हणाल्या. “ती काय परकी हाय? एवढी वर्सं तिनंच सांभाळलं.”

“आणि अक्षता?”

“येईन रे. नवं लुगडं घेतलंय, ते काय पेटीत ठेवू?”

मग त्यांनी ओटी मागितली. मी आणलेला खण, तांदूळ आणि नारळ त्यांनी दोन्ही हातांनी मूर्तीपुढे ठेवले. गुरवीण म्हणाली, “कुणाच्या नावाने?” आत्याबाई म्हणाल्या, “मोठीआईच्या.”

“ती हाक झाली. नाव काय? माहेरचं नाव सांगा, आडनाव सांगा. ह्या वाड्यांतली घरं जुनी आहेत. कुणाची लेक घाटावर दिली, हे इथली म्हातारी माणसं दोन दिवसांत शोधून देतील. कदाचित भावाची नातवंडं असतील, तुम्हांला जेवायला बोलावतील.”

आत्याबाई बाहेर पायरीवर येऊन विचार करत राहिल्या. पुष्करणीच्या दुसऱ्या बाजूला कुणी कपडे धुवायला आलं, धुऊन गेलं. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

“आबा तिला ‘अगं’ म्हणायचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “बाप ‘आई’ म्हणायचा. आम्ही मोठीआई. बाकी कुणी काय म्हणायचं ते मी ऐकलंच नाय.” आणि मग, पहिल्यांदाच, त्यांचा आवाज चिरकला. “माझ्याशी सगळ्यांत जास्त तीच बोलायची गं.”

पत्रिका मंगळवारी छापून झाली. लग्न वेळेवर लागलं. आत्याबाई पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांनी अक्षता इतक्या जोरात टाकल्या की भटजींच्या चष्म्यावर पडल्या. गुरविणीचा नंबर माझ्याकडे आहे. तिने दोनदा विचारलं, नाव मिळालं का.

मी तलाठ्याकडून आबांच्या जमिनीचा जुना फेरफार काढला. त्यात वारस म्हणून फक्त मुलांची नावं आहेत. मोठीआई आबांच्या आधी गेली, म्हणून तिचं नाव लागलंच नाही. आता राहिली ग्रामपंचायतीची जुनी मृत्यूची नोंदवही. तिथे सासरचं का होईना, नाव असेल, आणि नशीब असेल तर वडलांचंही. मी शहरात जाऊन आले की आत्याबाई मान वर करून बघतात. विचारत नाहीत.

शोध घेण्यासाठी छापील अर्ज करावा लागतो. तो मी आणून ठेवला आहे, बाकी सगळं भरलं आहे, सही केली आहे. पहिला रकाना मयत व्यक्तीच्या पूर्ण नावाचा. तो भरायचा राहिला आहे.