कल्चर रूममधली बुरशी

"हात पुढे कर," सर म्हणाले.

मी केले. वाटलं, नखं बघतायत. कल्चर रूमच्या दारात उभी होते. अंगात पांढरा कोट, डोक्याला टोपी. सरांनी हाताला हात लावला नाही. कमरेत वाकले, माझ्या बोटांजवळ नाक आणलं आणि हुंगलं.

"काय खाऊन आलीस?"

"जेवून आले, सर."

"काय, ते विचारतोय."

"सुकट नि भाकरी."

मागे लॅबमधले सगळे उभे होते. कोणीतरी हसलं. कोण, ते मला आजही माहीत नाही. म्हणून तिथल्या प्रत्येकावरच माझा संशय राहिला.

"म्हणूनच," सर म्हणाले. "फंगस येतं कुठून, ते आज कळलं. उद्यापासून तू आत जायचं नाहीस. तुझे सेल्स अनघा बघेल."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुर्भ्याला, कारखान्यांच्या पट्ट्यात ती लॅब होती. मी सारसोळ्याची. कोळ्याची पोर. आई नेरूळच्या सोसायट्यांमध्ये दारोदार म्हावरं विकायची. एमएस्सी झाले, पीएचडीला लागले, तेव्हा तिनं आळीत पेढे वाटले होते. मी नक्की काय करते हे तिला सांगता येत नव्हतं. "रोगावर काम करते," एवढं सांगायची.

काम साखरेचं होतं. चहातली साखर नाही. विषाणूच्या अंगावर प्रथिनं असतात आणि त्या प्रथिनांवर साखरेच्या बारीक साखळ्या. ग्लायकोप्रोटीन म्हणतात त्यांना. अशा प्रथिनांच्या जोरावर विषाणू आपल्या पेशीला चिकटतो, मग आत शिरतो. फणसाच्या आठळ्यांत एक प्रथिन असतं, ते ठरावीक साखळ्या पकडून ठेवतं. ते विषाणूला आधीच पकडून ठेवेल का? चिकटूच देणार नाही का? हा माझा प्रश्न. आठळ्या कुटून, गाळून ते प्रथिन मी वेगळं केलं होतं. आता जिवंत पेशींवर तपासायचं होतं. आणि पेशी, आमच्या बोलण्यातले सेल्स, फक्त कल्चर रूममध्ये वाढायच्या.

पण त्यांना बुरशी धरत होती. एकट्या माझ्या पेशींना नाही, सगळ्यांच्याच. बोट मात्र माझ्याकडे.

सगळ्यात वाईट काय, तर मला ते पटलं. सर माझे गाइड, एवढे शिकलेले, परदेशात राहून आलेले. ते म्हणतायत म्हणजे असेल. मी हात लिंबानं घासायला लागले. साबणानं सालपटं निघाली. बसमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसली तरी वाटायचं, हिला वास आला. घरी म्हावरं सोडलं.

आईच्या ते लगेच लक्षात आलं. पुढ्यात वाटण घातलेलं कालवण ठेवलं होतं. मी नुसता भात कालवत होते.

"आजारी हायेस?"

"नाही."

"मग? कोनी काय बोललं?"

"कोण काय बोलणार."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. सालपटं निघालेल्या बोटांकडे. मग म्हणाली, "मी दारावर गेले ना, तवा बाया मासा घेतात आन् पैशे वरून टाकतात हातात. तसं काय झालं असंल तर सांग."

मी सांगितलं नाही. ताट तसंच ठेवून उठले.

पंधरवडा गेला. माझे सेल्स अनघाच्या हाती होते. अनघा दादरची, माझ्याबरोबरच लागलेली, घरात मासा शिजत नव्हता. आणि सेल्सना पुन्हा बुरशी आली. काळपट, केसाळ. मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मी तर आत गेलेच नाही."

"तू कॉरिडॉरमधून फिरतेस ना? कपड्यांवरून येतं." मान वर न करता बोलले.

तिथे काहीतरी तुटलं. रडू आलं नाही. डोकं एकदम थंड झालं. हेच सर आम्हाला शिकवायचे, प्रत्येक गोष्टीवर संशय घ्या, पुरावा मागा. मग यांचा संशय एकाच माणसावर कसा? भिंतीवर का नाही? पाण्यावर का नाही? स्वतःवर का नाही? आणि मी बिनपुराव्याचं ऐकून घेतलं, ते का?

त्या दिवसापासून मी सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. अनघावरसुद्धा.

बुरशीचं खाद्य घातलेल्या प्लेट मी तयार केल्या; उघड्या ठेवल्या की हवेतली बुरशी त्यांत पडून वाढते. अनघाला म्हटलं, "शनिवारी सगळे गेले की या आत मांडून ठेव. एक बेसिनशी, एक टेबलावर, एक एसीखाली. तासाभरानं झाकणं लाव."

"सरांना कळलं तर?"

"कळू दे. तुझे पण सेल्स मरतायत ना?"

तिनं मांडल्या. झाकणं लावून माझ्या हातात आणून दिल्या. बुरशी वाढायला दिवस लागतात, तोवर मी त्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. बेसिनशी ठेवलेली जवळजवळ स्वच्छ निघाली. टेबलावरच्या प्लेटमध्ये दोनचार ठिपके. एसीखालची काळ्या केसांनी भरून गेली होती.

त्या प्लेट मी सरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एकेक उचलून बघितली. मग म्हणाले, "इंटरेस्टिंग. एसीवाल्याला बोलवा."

बस. एवढंच.

एसीवाला आला. आतली जाळी काढली तर काळा लगदा. साफ झाली आणि बुरशी थांबली. त्यानंतरच्या सोमवारी मी कोट चढवून कल्चर रूमपाशी गेले. सर तिथेच होते. काही झालंच नाही असे म्हणाले, "हात दाखव."

मी हात मागे घेतले.

"नाही दाखवणार."

"काय?"

"हुंगून बुरशी कळत नाही, सर. कळत असती तर तुम्ही एसी हुंगला असता. अनघाचे हात कधी हुंगलेत? तपासायचे तर सगळ्यांचे तपासा. तुमच्यापासून सुरुवात करा."

मागे लॅबमधले सगळे होते. या वेळी कोणी हसलं नाही.

"हा अ‍ॅटिट्यूड घेऊन माझ्याकडे पीएचडी होणार नाही," सर म्हणाले.

"मग तुमच्याकडे नको," मी म्हणाले. कोट काढून खुंटीला अडकवला. आणि निघाले.

त्याची किंमत भरली. दुसरा गाइड मिळेपर्यंत वर्ष गेलं. आठळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. विषाणू पेशींच्या थरात छिद्रं पाडतो, ती मोजायची असतात. प्रथिन घातलेल्या डिशमध्ये छिद्रं कमी दिसली, तेव्हा मी आनंदले नाही. स्वतःच्या निकालावरही संशय घेतला. पुन्हा केलं. पुन्हा. प्रत्येक वेळी तेच आलं, तेव्हा कुठे मान्य केलं.

अनघा नंतर एकदा म्हणाली, "मला तेव्हाच बोलायला हवं होतं गं." मी म्हटलं, "हो, हवं होतं." तिची समजूत काढली नाही.

सर आता निवृत्त आहेत. परिषदांना येतात. चार लोकांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ही आमच्या लॅबची." लोक कौतुकानं बघतात. मी हसून मान डोलवावी, अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

मी म्हणते, "नाही. यांनी मला कल्चर रूमबाहेर काढलं, मग मी लॅब सोडली." आणि का काढलं, तेही तिथेच, त्यांच्यासमोर, पहिल्यापासून सांगते. लोक अवघडतात. विषय बदलायला बघतात. मी बदलू देत नाही. पुढच्या वेळी ते पुन्हा म्हणतील. मीही पुन्हा सांगेन.